झाकलेला ओठ

आबा,

त्या दिवशी सकाळी मी तुमच्या पायांत वहाणा चढवल्या आणि आपण कुठं निघालो ते तुम्हाला सांगितलं नाही. सांगता येत नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. तुम्ही पडवीत खांबाला पाठ टेकून बसला होता. मी तुमचा उजवा पाय मांडीवर घेतला तेव्हा तुम्ही माझं डोकं चाचपलं, कपाळ चाचपलं, नाक चाचपलं, आणि बोटं माझ्या मिशीवर येऊन थांबली. मग तुम्ही हात काढून घेतलात. बाहेर बैलगाडी जुंपलेली होती. तिच्यात पेंढा, पेंढ्यावर घोंगडी, आणि आईनं फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. गाडीत बसवताना तुम्ही एकदाच विचारलंत, "कुठं रं?" मी तुमच्या कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडलो, "पुन्याला! डोळ्यासाठी!" कानाशी तोंड नेलं, म्हणजे तुम्हाला ते मुळीच दिसणार नाही अशा जागी नेलं. तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणणारी मान नव्हती, आबा. रोज आम्ही ओरडायचो आणि तुम्ही हलवायचात, तशी ती होती.

तुम्ही बहिरे आहात हे मला लहानपणी माहीतच नव्हतं. तरुणपणी तुम्ही धरणाच्या दगडखाणीवर कामाला होता, तिथल्या सुरुंगांनी कान गेले, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गेलेले कान म्हणजे काय ते घरात कुणाला कधी जाणवलं नाही. तुमच्याशी बोललं की तुम्ही उत्तर देत होता. फक्त मध्येच म्हणायचात, "तोंड हिकडं कर, ऐकू येत न्हाई." आई चुलीकडं तोंड करून बोलली की तुम्ही चिडायचात, "भिंतीशी बोलतीस का माझ्याशी?" दिवेलागणीनंतर तुम्हाला काही सांगायचं झालं तर आई चिमणी उचलून स्वतःच्या तोंडाजवळ धरायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया असं करतात. दुसऱ्यांच्या घरी अंधारात माणसं एकमेकांशी बोलतात हे पाहून मला नवल वाटलं होतं.

मी आठनऊ वर्षांचा असेन. तुम्ही अंगणात उन्हात बसून दावं वळत होता. मला काय सुचलं कोण जाणे, तुमच्यासमोर उभा राहिलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आबा, म्हस सुटली." तुम्ही दावं टाकलंत आणि गोठ्याकडं धावलात. म्हैस खुंट्याला रवंथ करत उभी. परत येऊन तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. "खोटं बोलतुस? बापाशी खोटं बोलतुस?" मला मार लागला त्याचं काही वाटलं नाही. मला आतून हसू फुटत होतं. मी आवाजच काढला नव्हता, आणि तो तुम्हाला ऐकू आला होता. तुम्ही रागावलात ते खोट्याबद्दल. आवाज नव्हता हे तुम्हाला कळलंच नाही. तुम्हाला स्वतःला वाटत होतं की तुम्ही कानांनीच ऐकता. घरात ते एकट्या मला कळलं होतं, आणि मी ते गंमत म्हणून आठ दिवसांत विसरून गेलो. पुढं ज्या दिवशी ते आठवायला हवं होतं त्या दिवशी आठवलं नाही.

गावच्या शाळेत माझी सातवी झाली आणि श्रावणात देवळात पोथी वाचायचं काम माझ्याकडं आलं. तुम्हाला त्याचं केवढं अप्रूप. तुम्ही अगदी समोर, समईच्या अलीकडं बसायचात. पहिल्या दिवशी मी खाली पोथीत बघून वाचत सुटलो, तर तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "पोथी तुला दिसती रं, मला तुझं टकुरंच दिसतंय." लोक हसले. तेव्हापासून मी एक ओवी खाली बघून वाचायचो, मग मान वर करून तुमच्याकडं बघत तीच ओवी पुन्हा म्हणायचो. दुप्पट वेळ लागायचा. लोक कुरकुरायचे, पण म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, असू दे, दोनदा कानावर पडतं. तुमचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलायचे. देव मला जो काही थोडासा भेटला असेल तो त्या समईच्या उजेडात, तुमच्या तोंडावर. देवळातल्या मूर्तीकडं माझं तेव्हा लक्षसुद्धा नसायचं.

भोर संस्थान विलीन झालं त्याला सहासात वर्षं होऊन गेली असतील. मी तेवीस-चोवीस वर्षांचा, आणि मला मिशी आली ती अशी दाट की वरचा ओठ पार झाकून खाली उतरली. शेजारच्या वस्तीवरचे लोकही म्हणायचे, मिशी बघावी तर ह्याची. मी तिला तेल लावायचो. त्याच सुमाराला तुमच्या डोळ्यांवर सारा यायला लागला. आधी एका, मग दोन्ही बुबुळांवर दुधासारखं काही साचत चाललं. ह्या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि तुम्ही पडवीत चार माणसांत सरळ बोलून गेलात, "ह्याला मिशी आली आन् माझा कान गेला."

काय हसले सगळे! "मिशीनं कधी कान जातो व्हय, आबा?" मीही हसलो. तुम्ही हसला नाहीत.

मग आम्ही तुमच्या कानांच्या मागं लागलो. आईनं लसणीचं तेल कोमट करून घातलं. वैदू आला, त्यानं नळी घालून कानातला मळ काढला, तुम्ही कळवळून त्याचा हात धरलात. कुणीतरी शेळीचं मूत सांगितलं, तेही घातलं. आणि ओरडणं. दिवसभर घरात ओरडणं. ओरडताना माणसाचं तोंड नुसता एक खड्डा होतो, त्यात कुठलाही शब्द सारखाच दिसतो, हे कुणाच्या ध्यानात यावं? डोळे विझत चालले आणि त्यांच्यामागून कान विझले. आम्हाला ती दोन वेगळी दुखणी वाटत होती. डोळ्यांचं काय, म्हातारपण, ते जायचेच, असं धरून आम्ही कानांत तेल ओतत राहिलो.

एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "काढ की ती मिशी. पैल्यासारखं बोलशील." आईच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. तिनं आधी कपाळावरच्या कुंकवाला हात लावला, मग बोलली, "आसलं वंगाळ बोलू नगा. तुमी जितं हायसा आन् पोरानं मिशी उतरवायची?" तुम्हाला ते समजलं नाही. मला समजलं. बाप गेल्यावर दहाव्याला मिशी उतरते, त्याआधी उतरवणं म्हणजे बापाचं मरण तोंडानं मागणं. मी देवाला भिऊन वागणारा माणूस. मी तुमच्या ताटात आमटी वाढली आणि विषय संपला.

त्या श्रावणात मी घरीच पोथी वाचत होतो, तुम्हाला देवळापर्यंत नेणं अवघड झालं म्हणून. मान वर करून, तुमच्याकडं बघून ओवी म्हणत होतो, नेहमीसारखी. तुम्ही बराच वेळ माझ्या दिशेनं बघत बसलात. मग हळूच विचारलंत, "पोथी बंद केलीस व्हय रं?"

मी वाचत होतो, आबा. तुमच्यापासून हातभर अंतरावर.

त्या हिवाळ्यात शिवऱ्याहून मामा आले. आईचे थोरले भाऊ. पुण्याच्या दवाखान्यात त्यांचा मोतीबिंदू काढला होता. त्यांनी आईकडून सुई मागून घेतली, एका दमात दोरा ओवून दाखवला आणि म्हणाले, "दाजींना न्या. आठ दिसांत बघा कसं टकाटका बघत्यात." मग ठरलं. नसरापूरपर्यंत गाडी, तिथून एसटी. तुम्हाला कसं सांगायचं ह्याचा विचार आम्ही केला, नाही असं नाही. मी तुमच्या डोळ्यांवर बोटं ठेवली, मग पुण्याच्या दिशेला तुमचा हात धरून दाखवला. तुम्ही म्हणालात, "डोळं गेलं, व्हय. ठावं हाये मला." आम्ही म्हटलं, जाऊ दे, गाडीत बसवू, दवाखान्यात गेल्यावर सगळं नीटच होणार आहे. आंधळ्याला दिसायला लागल्यावर काय सांगायचं राहतं?

नसरापूरच्या स्टँडवर आपण दोघं, आई आणि मामा पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. एसटी उभी होती, माणसं चढत होती. मी तुमचा हात दाराच्या दांडीवर ठेवला, पाय पायरीवर ठेवला. तुम्ही तिथंच थांबलात. दांडीवरून हात फिरवलात, वास घेतलात, आणि तुमचं सगळं अंग ताठ झालं. "ही मोटार हाये," तुम्ही म्हणालात. "मोटार पुन्याला जाती."

"दाजी, डोळं नीट हुत्याल!" मामा ओरडले.

"दवाखान्यात टाकाय चाललाय मला." तुम्ही पाय खाली घेतलात. खाणीवर सुरुंगानं फुटलेली माणसं गाडीत घोंगडीवर घालून पुण्याच्या दवाखान्यात न्यायचे, त्यातला एकही परत आलेला तुम्ही पाहिला नव्हता. ही गोष्ट तुम्ही आम्हाला शेकोटीशी कितीदा सांगितली होती. मला ती त्या क्षणी आठवली. तोवर आठवली नव्हती. आम्ही तुम्हाला खाली घोंगडी घातलेल्या गाडीतच आणलं होतं.

मी आणि मामांनी तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरलं. तुम्ही दांडी सोडत नव्हता. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला बांधून घाला टपावर!" कंडक्टर म्हणाला, "मालक, काय ते ठरवा, गाडीला उशीर हुतोय." आई तोंडावर पदर ओढून बाजूला उभी होती. एवढ्या माणसांत नवऱ्याच्या तोंडाशी तोंड नेऊन बोलणं तिच्याच्यानं होणार नव्हतं, आणि पुढचे दात पडल्यापासून तिचं बोलणं तसंही तुम्हाला उमगत नव्हतं.

मग तुम्ही हात पुढं करून मला शोधलंत. माझे दोन्ही खांदे धरून मला फिरवलंत, ऊन माझ्या तोंडावर पडेल असं. तुमचं नाक माझ्या नाकाला लागेल इतके जवळ आलात. "बोल," म्हणालात.

"आबा, डोळं नीट करून परत आनतो तुमाला."

तुम्ही डोळे बारीक केलेत, मोठे केलेत. "केसंच दिसत्यात नुसती."

मी दोन्ही हातांनी मिशी वर ओढून धरली आणि पुन्हा बोललो. ओठ ताणला गेला, बोलणं वेडंवाकडं झालं. स्टँडवर हशा झाला. "दात दिसलं," तुम्ही म्हणालात, "बोल न्हाई दिसला." दिसला म्हणालात. ऐकू आला नाही, असं म्हणाला नाहीत. तुम्हाला त्या दिवशी कळलं होतं, आबा, स्वतःचं ऐकणं कुठं असतं ते. मला तरीही कळलं नाही.

"हितं न्हावी आसंल," तुम्ही म्हणालात. आवाज शांत होता. "ती काढ आन् मग सांग मला. तू सांगितलंस तर चढतो मी वर. त्या म्हशीचं सोडलं तर तुझं कधी खोटं निगालं न्हाई."

न्हावी होता. लिंबाखाली धोपटी उघडून बसलेला. मामा तुम्हाला धरून उभे राहिले आणि मी त्याच्याकडं गेलो. त्यानं सगळं पाहिलेलंच होतं. तो म्हणाला, "बाप समोर उभा हाये, आन् मी तुझ्या मिशीला वस्तरा लावू? मला पोरंबाळं हायेत, बाबा." मामांनी लांबूनच मान हलवली. आईनं पदराआडून हात जोडले, मला की देवाला ते मला कळलं नाही. मी परत आलो. एसटी गेली. तुम्ही चाकांचा धुरळा अंगावर येऊ दिलात आणि मग स्वतःच चाचपत आमच्या बैलगाडीकडं निघालात.

परतीच्या वाटेवर बनेश्वराच्या देवळाच्या दिशेनं मी हात जोडले आणि म्हटलं, देवा, मी बापाचं आयुष्य राखलं. खरंच असं म्हटलं मी.

ते राखलेलं आयुष्य दोन वर्षं पुरलं. पहिल्या उन्हाळ्यापर्यंत तुम्हाला ऊन आणि सावली एवढं कळत होतं, मग तेही गेलं. आम्ही हाताला धरून उठवायचो, बसवायचो. तुम्ही आधी विचारायचात, कोण हाय, कुठं नेतोस. उत्तर यायचं नाही, म्हणजे यायचं, पण तुमच्यापर्यंत नाही. हळूहळू तुम्ही विचारायचं सोडलंत. पुढं तर कुणी हात धरला की दचकून अंग चोरायचात, आणि कळल्यावर, घरचाच हात आहे हे कळल्यावर, तुमच्या तोंडावर जे यायचं ते मी इथं लिहीत नाही. माझं लग्न झालं त्या दिवशी तुम्ही मांडवात बसला होता. सुनेनं तुमच्या पायांवर डोकं ठेवलं तर तुम्ही पाय ओढून घेतलेत आणि म्हणालात, "परत मोटार हाये व्हय?"

दहाव्याला गुंजवणी नदीच्या काठी आमच्या गावच्या न्हाव्यानं माझं डोकं केलं, मिशी उतरवली. वाऱ्याचा गारवा ओठाला लागला. पिंडाजवळ बसून मी ते वाक्य बोललो, नसरापूरचं. स्पष्ट, सावकाश, ओठ नीट उघडत. डोळं नीट करून परत आनतो तुमाला. शेजारी बसलेले भाऊबंद म्हणाले, दुःखानं बडबडतोय. चार महिन्यांत मिशी पुन्हा आली, होती तशी. ती मी आजवर ठेवली.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं. म्हणून हे पत्र तुमच्यासाठी लिहितो असं मी म्हणत असलो तरी ते खोटंच आहे. तुम्ही असता तर हे मला तोंडानं सांगावं लागलं असतं आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. सांगायचं ते इतकंच आहे की न्हाव्याचं बोलणं मी वर अर्धंच लिहिलं. वस्तऱ्याला तो नाही म्हणाला हे खरं. पण पुढं तो म्हणाला होता, "वस्तरा न्हाई, पर कात्री लावतो. ओठावरची तेवडी कातरून देतो, ओठ मोकळा हुईल. कातरायला कोन कशाला नगं म्हनंल?" त्यानं कात्री हातात घेतलीसुद्धा होती. कातरण्यात पाप नव्हतं. सगळं जग मिशी कातरतं. आईला, मामांना ते लांबून ऐकू गेलं नाही, मला गेलं. पण माझं लग्न ठरलेलं होतं आणि सासुरवाडीच्या गावचे दोघेजण त्या एसटीच्या खिडकीत बसून आमचा तमाशा बघत होते. ते आधीच माझ्या ओढलेल्या मिशीला हसले होते. मी न्हाव्याला म्हणालो, "ऱ्हाऊ दे." देव, धर्म, तुमचं आयुष्य, हे सगळं मी गाडीत बसल्यावर जोडलं.

आता आईचे कान गेलेत. पुष्कळ दिवस आम्हाला पत्ता लागला नाही, कारण ती माझ्या बायकोशी, नातवंडांशी बरी बोलते. नुसती माझ्याशीच तिची गडबड होते. मी काही म्हटलं की ती सुनेकडं बघते, "काय म्हनतोय?" गेल्या महिन्यापासून तिच्या डोळ्यांवरही सारा दिसतोय. परवा मी तिला काही विचारलं तर ती उठली, माझ्या हाताला धरून मला दाराच्या उजेडात आणलं, आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मिशी काढ, असं ती कधीच म्हणणार नाही.

भोरला डोळ्यांचं शिबिर आहे. उद्या तिला न्यायचंय.

आज पहाटेची पूजा झाल्यावर मी भिंतीवरचा आरसा काढून पडवीत आणला. आधी कात्री लावली, मग पातं. एका जागी कापलं. तोंड धुऊन मी आईसमोर जाऊन बसलो. ती उंबऱ्याशी उन्हात बसून बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि तिची बोटं थांबली.

"आरं," ती म्हणाली, "कोन गेलं?"

"कुनी न्हाई गेलं, आये." मी आवाज चढवला नाही. "उंद्या तुला भोरला न्यायची हाये. डोळ्याचं आपरेशन. म्या संगं हाये. चार दिसांत परत आनतो."

माझं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ ती माझ्या ओठांकडंच बघत राहिली.

"परत आनतो म्हनलास न्हवं?"

"व्हय."

"मंग येते," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात हात घातला.

तेव्हाही सांगायचं एवढंच होतं, आबा.